उजव्या हाताची पडताळणी

टक्.

आवाज तो केवढासा! पण दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात डबे पुसत बसलेली सून जागच्या जागी थबकली. पाच वर्षांची लेक झोपलेली, नळ बंद, शेजारचा रेडिओसुद्धा जेवून आडवा झालेला. अशा वेळी घरात काही वाजलं, तर ते पडलेलं, फुटलेलं किंवा सांडलेलं असतं, असा तिचा आई झाल्यापासूनचा अनुभव होता. हा आवाज त्यातला नव्हता. कपडे वाळत घालायच्या चिमट्याने स्टीलच्या वाटीची कड पकडली की असा आवाज होतो. आणि तो बाहेरच्या खोलीतून आला होता, जिथे सासऱ्यांशिवाय कुणीच नव्हतं.

ती हातातलं फडकं घेऊनच धावली. सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर वाटी, वाटीच्या कडेला एक निळा चिमटा, आणि डावा हात पाठीमागे नेऊन घट्ट धरलेला, जणू त्याने मध्येच चुगली करू नये.

"बाबा, उजव्याने?"

"मग काय नाकाने?" सासरे म्हणाले. पण आवाज चढला नाही त्यांचा, नुसताच ओला झाला.

आठ महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हापासून सासऱ्यांचा उजवा हात घरातल्या आळशी पाहुण्यासारखा झाला होता: मुक्कामाला होता, पण कशाला हात लावत नव्हता. त्याला ताळ्यावर आणायला रोज सकाळी एक व्यायामबाई यायच्या. तीन तास थांबायच्या, हाताला वळण लावायच्या, सासऱ्यांना चालवायच्या, भरवायच्या. तेवढ्या तीन तासांत सून लेकीला शाळेत सोडून कामावर जाऊन यायची. व्यायामबाईंचा पगार सरकारकडून मिळणाऱ्या अपंगत्व भत्त्यातून जात होता. नुसत्या पेन्शनमध्ये औषधं व्हायची आणि घरभाडं व्हायचं, व्यायामबाई होत नव्हत्या. म्हणजे हिशेब सरळ होता: भत्ता होता म्हणून व्यायामबाई होत्या, व्यायामबाई होत्या म्हणून सुनेची नोकरी होती, आणि या सगळ्याच्या शेवटी वाटीच्या कडेला लागलेला तो एक निळा चिमटा होता.

सुनेने लेकीला उठवलं. तिचं घरातलं नाव गोटी, कारण ती कुठून निघून कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसायचा. गोटीने डोळे चोळत टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी दुसऱ्या चिमट्याने पुन्हा प्रयत्न केला, तो खुर्चीखाली गेला. पुन्हा केला, चिमटा गोटीच्या केसांत गेला. तिघंही वेड्यासारखी हसत होती, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. पोस्टमनने रजिस्टर पत्र आणलं होतं.

पत्र असं होतं: 'आपणांस मंजूर असलेल्या अपंगत्व भत्त्याच्या अनुषंगाने, आपण अद्यापही अपंग आहात किंवा कसे, याची प्रत्यक्ष पडताळणी आपल्या निवासस्थानी, येत्या एकवीस दिवसांत, कामकाजाच्या कोणत्याही दिवशी, पूर्वसूचना न देता करण्यात येईल.'

सरकारी भाषेतले हे 'किंवा कसे' मोठे विलक्षण शब्द आहेत. माणूस आपला बसलेला असतो, श्वास घेत असतो, आणि हे दोन शब्द आले की त्याला वाटू लागतं, आपण खरंच बसलो आहोत किंवा कसे?

सुनेने पत्र दोनदा वाचलं. मग तिने वाटीच्या कडेवरच्या चिमट्याकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिला तो चिमटा आवडेनासा झाला.

समोरच्या दारात राहणारे हेडक्लार्क पत्र आल्याचं कळायच्या आतच येऊन पोचले. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कागदाचा वास त्यांना भिंतीपलीकडून यायचा.

"पूर्वसूचना न देता," त्यांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं. "याचा अर्थ कळला का, सूनबाई? तो माणूस 'मी पडताळणीवाला' म्हणून येणारच नाही. वेष पालटून येणार. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एकाकडे पंखा दुरुस्त करणारा म्हणून आला. म्हातारा स्टुलावर चढून पंखा दाखवायला गेला, झालं! भत्ता बंद. वर पंखाही बिघडला."

असल्या गोष्टी सून एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची. पण या वेळी सासऱ्यांनीच मान डोलावली, आणि पंचाईत झाली. कारण सासरे आयुष्यभर वजनमापांचे निरीक्षक होते. बाजारात त्यांना 'तराजूसाहेब' म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे भलत्याच सुरात.

"येणार तर तसाच येणार," सासरे म्हणाले. "मी नाही का तेवीस वर्षं गिऱ्हाईक बनून फिरलो? हातात पिशवी, चेहरा बावळट, आणि पाव किलो साखर द्या हो. साहेब आलेत हे दुकानदाराला कळेपर्यंत साखर पुडीत आणि पुडी पंचनाम्यात. लक्षात ठेवा, माणूस वेष बदलतो, बूट बदलत नाही. सरकारी बूट पाहिले की मी ओळखीन."

"मग असं करा," हेडक्लार्क खुर्ची ओढून बसले. "दाढी आजपासून बंद. उशाशी औषधांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी चालतील. कुणीही आलं की कण्हायचं. आणि हात अजिबात हलवायचा नाही. माशी बसली तरी बसू द्यायची."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. "साहेब, मी तराजूची दांडी मारणाऱ्यांना दंड करण्यात हयात घालवली. आता म्हातारपणी मी स्वतःच मापात पाप करू? तो येईल त्या दिवशी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसणार. हात जेवढा चालतो तेवढा चालतो म्हणून सांगणार. एक गुंज जास्त नाही, एक गुंज कमी नाही."

"तुमचा बाणा ठीक आहे हो," हेडक्लार्क सुनेकडे वळून हळूच म्हणाले, "पण बाण्यातून व्यायामबाईंचा पगार निघत नाही."

हे वाक्य सुनेच्या मनात रुतून बसलं. तिचा नवरा परगावी नोकरीला होता. फोनवर तो म्हणाला, "तू बघ ना जरा, तुला जमतं हे सगळं." नवऱ्यांचं हे वाक्य ऐकायला प्रशस्तिपत्रकासारखं असतं, आणि प्रशस्तिपत्रकासारखंच काही उपयोगाचं नसतं.

त्या दिवसापासून दाराची घंटा म्हणजे न्यायालयाचा पुकारा झाला. विजेचं मीटर बघणारा आला, तर सासऱ्यांनी त्याच्या पायांकडे रोखून पाहत त्याला आपल्या आजाराचा इतिहास तारीखवार सांगितला. बिचारा आकडा लिहायचा विसरून गेला आणि त्या महिन्याचं बिल अंदाजाने आलं. वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने बघायला आलेल्या जोडप्याने चुकून यांची घंटा दाबली. त्यातली बाई सासऱ्यांना "बरं आहे ना आजोबा?" असं नुसतं म्हणाली, तर सून मध्ये पडून म्हणाली, "बरं नाहीये! म्हणजे आहे. म्हणजे थोडंसं आहे!" ते घर त्या जोडप्याने घेतलं नाही.

नवव्या दिवशी मात्र तो आलाच. चकचकीत काळे बूट. काखेत फाइल. गळ्यात ओळखपत्र, पण उलटं लटकलेलं. सासऱ्यांनी सुनेला डोळ्यांनी खूण केली: बूट!

"घरात माणसं किती?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"तीन. मुलगा बाहेरगावी," सासरे ताठ बसून म्हणाले.

"वयस्कर कुणी? आजारी कुणी?"

"दोन्ही मीच."

"अरेरे! पोटाच्या तक्रारी?"

"पोट ठीक आहे. हात." सासऱ्यांनी उजवा हात उचलून दाखवला. "इथवर येतो. खांद्याच्या वर जात नाही. पकड अजून नाही म्हणायला हरकत नाही. गेल्या आठवड्यात चिमटा लागला, पण एकदाच. हे मी स्वतःहून सांगतो आहे, नोंद करून घ्या."

त्या माणसाने चेहरा गंभीर करून मान हलवली. "तुमच्यासारख्यांसाठीच तर ही योजना आहे, आजोबा. काही काळजी करू नका. इथे एक सही."

सासऱ्यांनी डाव्या हाताने सही केली. सुनेने त्याला चहा दिला, वर बिस्किटं दिली. जाताना तो म्हणाला, "चार दिवसांत आमचा माणूस येईल आणि सगळं नीट बसवून देईल."

"सरकार सुधारलं हो," सासरे दार लागल्यावर म्हणाले. "घरी येऊन हात बसवून देणार! आमच्या वेळी असं नव्हतं."

चार दिवसांनी खरंच माणूस आला. त्याने एक भलंमोठं खोकं आणलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला चार भोकं पाडली आणि पाणी गाळायचं यंत्र बसवून निघून गेला. एक महिना वापरून बघा, नाही आवडलं तर परत, असं त्या सही केलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. भोकं परत कशी करायची, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

सासरे त्या यंत्रासमोर बराच वेळ उभे राहिले. तेवीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना गंडवून पकडलं, त्याला एका फेरीवाल्याने बिस्किटं खाऊन गंडवलं होतं. "बूट बघून फसलो," एवढंच ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"म्हणजे खरा अजून यायचाच आहे," दारातून हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

इकडे सासऱ्यांनी अपमानाचा राग हातावर काढला. आता दिवसभर टक्, टक् चालायचं. एका दिवसात दोन चिमटे लागले, दुसऱ्या दिवशी तीन. व्यायामबाई खूष. "काका, असंच चाललं तर दिवाळं निघेल माझं," त्या हसत म्हणाल्या. सून हसली नाही.

सुनेचं काम काय होतं, हे इथे सांगायला हवं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मेणात दात बसवायची. त्या धंद्याचं एक गुपित असतं. सगळे दात सरळ, पांढरेशुभ्र बसवले की कवळी खोटी दिसते आणि लोकांना संशय येतो. म्हणून चौथा दात जरासा तिरपा बसवायचा, एकाला किंचित पिवळी झाक द्यायची. खरं खरं वाटावं म्हणून थोडं बिघडवायचं. हे ती रोज करायची, आणि त्याबद्दल मालक तिचं कौतुक करायचे.

एका दुपारी सासरे डुलकी घेत असताना तिने सगळे चिमटे गोळा केले आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून वर तांदूळ सारखे केले, तेव्हा तिने स्वतःला हेच सांगितलं. फक्त सहा दिवस राहिलेत. सहा दिवस हात जरा मागे राहिला तर काय बिघडलं? एक दात तिरपा, इतकंच. पण डब्याचं झाकण तिने दोनदा उलटं लावलं; कुणी पाहिलं असतं, तर चोरी तिथेच पकडली असती.

आणि कुणीतरी पाहिलं होतंच. गोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, तिथे का?"

"गंमत," आई म्हणाली. "आजोबांना सांगायचं नाही हं."

सासऱ्यांनी उठल्यावर चिमटे मागितले. सापडेनात. मग त्यांनी रीतसर तपास सुरू केला. पहिला संशय यंत्र बसवणाऱ्यावर. दुसरा हेडक्लार्कांच्या बायकोवर, कारण तिच्या दोरीवर तसेच निळे चिमटे होते. सासरे काठी टेकत समोरच्या दारात गेले आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण आपल्या चिमट्यांच्या मालकीबद्दल काही पुरावा आहे का?" त्यावरून दोन घरांत अबोला झाला. तो चार दिवस टिकला, म्हणजे हेडक्लार्कांचा सल्ला चार दिवस बंद होता. या सगळ्या प्रकरणात झालेला फायदा एवढा एकच. सून मात्र तांदूळ मोजून घेताना डब्यात बघायची नाही, दुसरीकडे मान करून घ्यायची.

विसाव्या दिवशी सकाळी पुन्हा घंटा वाजली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून सून घरी होती आणि व्यायामबाईंनाही तिने सुट्टी दिली होती. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, तोंडावर घाम, आणि एका चपलेचा तुटलेला पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला.

"मी पडताळणीसाठी आलेय."

सासऱ्यांनी साखळी न काढता फटीतून तिच्या पायांकडे पाहिलं. "असली चप्पल अधिकाऱ्याची नसते. तुम्ही त्या पाण्याच्या यंत्रवाल्यांच्या. ओळखपत्र?"

तिने ओळखपत्र फटीतून आत दिलं. सासऱ्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. "हा फोटो आपला आहे किंवा कसे?"

"बारा वर्षांपूर्वीचा आहे, आजोबा."

"शिक्का अर्धाच उमटलाय."

"आमचा शिक्काच तसा आहे."

समोरचं दार उघडलं आणि अबोला मोडून हेडक्लार्क ओरडले, "तराजूसाहेब, आत घेऊ नका! परवा यंत्र चिकटवलं, आज पलंग चिकटवतील!"

ती बाई पायरीवरच टेकली. "हे बघा," ती म्हणाली, "सकाळपासून चार घरं केली. दोघांनी दार उघडलं नाही. एकाकडे आजोबा मेल्यासारखे पडून होते, मी जिना उतरले तर खिडकीतून बघत होते. चौथ्यांनी कुत्रं सोडलं. तुम्ही निदान बोलताय. पाणी मिळेल का?"

गोटी तीरासारखी गेली आणि नव्या यंत्रातलं पाणी घेऊन आली. ते यंत्र त्या घरात पहिल्यांदाच उपयोगी पडलं. सासऱ्यांनी साखळी काढली.

बाईने फॉर्म उघडला. प्रश्न बत्तीस. प्रत्येकापुढे दोन चौकोन: होय, नाही.

"शर्टाची बटणं स्वतः लावता येतात? होय की नाही?"

"खालची दोन लागतात. अकरा मिनिटं लागतात. वरची तीन लागत नाहीत," सासरे म्हणाले.

"होय की नाही?"

"दोन होय आणि तीन नाही."

"तसा रकाना नाहीये, आजोबा."

"मग रकाना चुकलाय. माझी बटणं बरोबर आहेत."

बाईने पेन थांबवलं, पुढचा प्रश्न घेतला. "बोटांच्या चिमटीत लहान वस्तू धरता येते?"

"येत होती," सासरे म्हणाले. "वस्तूच चोरीला गेल्यात."

आणि इथे आजोबांना मदत करावी, या शुद्ध हेतूने गोटी पुढे झाली. "चोरीला नाही गेल्या! आईने तांदळात लपवल्यात. आजोबा लवकर बरे होऊ नयेत म्हणून."

पाण्याच्या यंत्रातून पडलेला थेंब सगळ्यांना ऐकू आला. समोरच्या दारात हेडक्लार्क एक पाऊल पुढे सरकले. सुनेला वाटलं, यंत्रासाठी पाडलेल्या त्या चार भोकांपैकी एखादं जरा मोठं असतं, तर बरं झालं असतं. ती सासऱ्यांकडे बघूच शकेना. आठ महिने तिने त्यांना न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं, त्यांच्या बोटांना तेल चोळलं होतं. आणि त्याच बोटांना तिने पाच दिवस उपाशी ठेवलं होतं.

"तांदळात?" बाईने विचारलं. पेन कागदावर टेकलेलंच होतं.

"बाबा, मी..." सून म्हणाली. "भत्ता गेला तर व्यायामबाई जातील. त्या गेल्या तर मी कामावर कशी जाऊ? आणि मी घरी बसले तरी मला तो व्यायाम येत नाही. हात पुन्हा आखडेल. म्हणून म्हटलं, या बाई येऊन जाईपर्यंत..."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेवीस वर्षं मी लोकांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधत फिरलो. स्वतःच्या घरातलं सापडायला पाच वर्षांचं पोर लागलं. निवृत्त झालो तेच बरं झालं." आणि लगेच, जरा हळू आवाजात: "डबा आण, सूनबाई. साहेबांसमोर वजन होऊन जाऊ दे."

सुनेने डबा आणला. चिमटे निघाले, त्यांना तांदळाचे दाणे चिकटलेले. सासऱ्यांनी मांडीवर वाटी घेतली. "दहा वेळा," ते म्हणाले. "तुम्ही मोजा. एकदा झाला म्हणून होय म्हणायचं नाही आणि एकदा चुकला म्हणून नाही म्हणायचं नाही."

पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा लागला, टक्. चौथा, पाचवा, सहावा पडले. सातवा लागला. सासऱ्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. आठव्या वेळी चिमटा बोटांतून निसटला, तेव्हा त्या पडताळणीवाल्या बाईच्या तोंडून चक्क "अरेरे!" निघालं. नववा पडला. दहावा लागला.

"दहापैकी तीन," बाई म्हणाली.

"लिहा," सासरे म्हणाले.

"कुठे लिहू?"

"बाई, मी जन्मभर तराजूच पाहिला. काटा मध्ये कुठे थांबतो, त्यावरून वजन कळतं. तुमच्या तराजूला काटाच नाही, नुसती दोन टोकं आहेत. असल्या तराजूला मी शिक्का दिला नसता. जप्त केला असता."

बाई हसली. मग तिने होय आणि नाही, दोन्ही चौकोन तसेच ठेवले आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: दहापैकी तीन वेळा. नियमित व्यायाम चालू असल्याने. तांदळाबद्दल तिने काहीच लिहिलं नाही. उठताना ती सुनेला म्हणाली, "तुम्ही एकट्याच नाही, ताई. कुणी आदल्या दिवशी गोळ्या घेत नाहीत, कुणी चष्मा काढून ठेवतात. मी आले की लोक आजारी पडतात. माझी आई म्हणते, असली नोकरी सोड." दाराशी जाऊन ती वळली. "समासातलं वरचे लोक वाचतील किंवा कसे, ते मी सांगू शकत नाही."

वरच्या लोकांनी वाचलं. दोन आठवड्यांनी पत्र आलं. भत्ता आणखी सहा महिने चालू राहील. तदनंतर फेरपडताळणी. लक्षणीय सुधारणा आढळल्यास भत्ता तत्काळ बंद करण्यात येईल.

सुनेचा जीव भांड्यात पडला. पण व्यायामबाई पत्र ऐकून विचारात पडल्या. "म्हणजे काका, दहापैकी तीनचे सात झाले की मी जायचं. आणि मी गेले की महिन्याभरात साताचे पुन्हा दोन. मग काय, पुन्हा अर्ज?"

"पुन्हा अर्ज," हेडक्लार्क म्हणाले, "पण आधीच का नाही?" त्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच कामाची गोष्ट निघाली. त्यांचा जुना टाइपरायटर माळ्यावरून खाली आला. अर्ज सासऱ्यांनी सांगितला, हेडक्लार्कांनी त्यात 'वरील विषयास अनुसरून' घातलं. मागण्या दोन. पहिली: फॉर्ममध्ये होय आणि नाहीच्या मध्ये किती, हा रकाना असावा. दुसरी: माणूस सुधारतोय म्हणून भत्ता एका झटक्यात तोडू नये. पूर्ण बरा होऊन तो बरेपणा टिकेपर्यंत चालू ठेवावा, आणि मग हळूहळू कमी करावा. 'कारण चढावर चाक सोडून दिल्यास गाडी वर जात नाही,' हे वाक्य सासऱ्यांचं. हेडक्लार्कांना ते कार्यालयीन वाटलं नाही, पण सासरे हटले नाहीत.

हेडक्लार्कांच्या बायकोने चिमट्यांचं प्रकरण पोटात घालून इमारतीत सह्या गोळा केल्या. विजेच्या मीटरवाल्यानेसुद्धा सही केली, आणि आजोबांची तब्येत तारखेसकट विचारली. शेवटी अर्जदाराची सही तेवढी राहिली.

"डाव्या हाताने करा," हेडक्लार्क घाईघाईने म्हणाले. "नाहीतर अंगठाच द्या. उजव्या हाताची सही म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा! उद्या म्हणतील, सही करतो, मग अपंग कसला?"

सून पुढे झाली. पेन तिच्याच हातात होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि पेन त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलं.

सासऱ्यांनी तीन बोटांत ते उचललं. निसटलं. पुन्हा उचललं. पहिलं अक्षर कागदावर डगमगत उमटलं, मग दुसरं. व्यायामबाई भिंतीला टेकून, आपलंच काम संपताना बघत होत्या. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटच्या अक्षरावर वेलांटी गेली, तशी सासऱ्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की सुनेला रडू आलं. आणि त्याच क्षणी तिच्या मनाने आपणहून सहा महिन्यांतले किती दिवस उरले, ते मोजायला घेतलं.

गोटी कधीची आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने पदर ओढला.

"आई, आजोबांचा हात पूर्ण बरा झाला, तर आपल्याला आनंद होईल ना?"